एक्कावन्न टक्के मालक

आमच्या बेटावर टपाल शुक्रवारच्या छोट्या विमानानं येतं. त्या शुक्रवारी आग्नेयेचा वारा असा सुटला होता की विमानानं दोनदा घिरट्या घातल्या आणि तिसऱ्यांदा ते कसंबसं उतरलं. पत्र सोसायटीच्या नावानं होतं.

सोसायटी म्हणजे आम्हीच. चौदा होड्या, एक बर्फखाना, समुद्राचं पाणी खेळवणाऱ्या तीन टाक्या, आणि फोन, कागदपत्रं, भांडणं असं सगळं सांभाळायला मी, केझाया. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा जोर कमी आणि पाणी निवळ असतं, तेव्हा आमची माणसं प्रवाळाच्या खडकांवर बुडी मारतात, शेवंड, म्हणजे लॉबस्टर, जिवंत धरतात. ती टाकीत ठेवायची आणि जिवंतच विमानात चढवायची, हा आमचा धंदा. त्याला सहा वर्षं झाली होती. एका मोठ्या विमान कंपनीनं जाहीर केलं होतं की यापुढं प्रवाशांच्या जेवणातली शेवंड ती फक्त मूळ रहिवाशांच्या मालकीच्या धंद्याकडून घेणार. आम्ही अर्ज केला. या बेटांच्या अख्ख्या सामुद्रधुनीत आमच्याइतकं मूळचं कोण होतं? चर्चमध्ये लोकांनी त्यासाठी प्रार्थनासुद्धा केली.

पत्र चार ओळींचं. आपल्या अर्जाबद्दल आभार; हे काम आपल्याच भागातल्या, मूळ रहिवाशांच्या मालकीच्या 'औगाध सीफूड' या संस्थेला देण्यात आले आहे. सोबत रंगीत पुस्तिका.

औगाध म्हणजे आमच्याकडे कुळाचं देवक. ते नाव कोणी खोक्यावर छापत नाही. देवक विकायला कोण बसलंय, म्हणून मी पान उलटलं, तर समोर माझा आवा! आवा म्हणजे आईचा भाऊ. एनोसा आवा. उघड्या अंगानं उभा, डोक्याला पिसांचा धारी, दोन्ही हातांत एकेक शेवंड, आणि चेहरा असा की कोणीतरी 'हसा, हसा' म्हणतंय. खाली लिहिलं होतं: संस्थापक आणि मालक. बाजूला संस्थेची खूण म्हणून मगर काढलेली. आवाचं देवक मुशी, म्हणजे शार्क, आहे. मगर पलीकडच्या वस्तीतल्या लोकांची. एवढंसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. आणि तळाशी पत्ता होता प्लमरच्या कारखान्याचा, जिथं आम्ही पूर्वी माल विकायचो.

मी पुस्तिका घेऊन तशीच चालत सुटले.

आवा वोंगाईच्या झाडाखाली बसून जुन्या इंजिनाचा प्लग घासत होता. चाळीस वर्षं त्यानं शेवंडी धरल्या. आज बेटावर जो कोणी बुडी मारतो, त्याला पाण्यात श्वास धरायला आवानंच शिकवलंय. दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा कान कायमचा गेला आणि डॉक्टरनं पाणी बंद केलं. तेव्हापासून कोणी काही बोललं की तो आधी मान फिरवून उजवा कान पुढं करतो.

"आवा, तू मालक झालास?"

"कशाचा?"

"प्लमरच्या कारखान्याचा."

तो हसायला लागला. "हो ना. आणि तुझी आंटी डॉर्कस राणी झाली."

आंटी डॉर्कस दारातूनच ओरडली, "राणीला आज टिनातलं मांस आणि भात आहे म्हणावं! मालकाला पाहिजे तर ये म्हणावं ताट घेऊन!"

मी पुस्तिका त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं. हसू हळूहळू ओसरलं. आंटी येऊन त्याच्या खांद्यावरून बघायला लागली.

"अगं बाई, हा फोटो!" ती म्हणाली. "हा वॉरननं जेटीवर काढला होता. शर्ट काढ म्हणाला. मी तेव्हाच म्हटलं, थंडी वाजतेय त्याला."

"आवा, तू कुठं सही केली होतीस?"

वॉरन प्लमर म्हणजे टीआयवरच्या जेटीजवळच्या कारखान्याचा मालक. थर्सडे बेटाला आम्ही टीआयच म्हणतो. त्याच्या बापाच्या काळापासून सगळी बेटं त्यांनाच शेवंड विकत आली होती. सोसायटी काढली ती त्याच्याच जाचाला कंटाळून. शेवंडीची एक मिशी तुटलेली दिसली की तो ती दुय्यम प्रतीत टाकायचा, अर्धा भाव द्यायचा, आणि पुढं गिऱ्हाइकाला तीच शेवंड पहिल्या प्रतीची म्हणून पाठवायचा. आमच्या एका माणसानं तिथल्या पॅकिंगच्या टेबलावर दोन हंगाम काम केलंय. त्यानं डोळ्यांनी पाहिलंय.

"कान गेला ना, तेव्हा वॉरन आला होता," आवा सांगायला लागला. "म्हणाला, अंकल, तुम्ही आमच्या बापाच्या काळापासूनचे. तुम्हाला असं घरी बसवणं बरं दिसत नाही. तुम्हाला सांस्कृतिक सल्लागार करतो. महिन्याला थोडं देतो. ते थोडं देतो खरा. दोन शर्ट पण दिले."

"आणि कागद?"

"होते चार-पाच. चहा चालू होता. इथं सही, इथं सही."

"वाचलेस?"

त्यानं प्लग पुन्हा घासायला घेतला. तो आधीच लख्ख झाला होता.

मला त्याच्यावर चिडायचं होतं आणि चिडता येईना. मी सोसायटीत परत जाऊन कॉम्प्युटरवर कंपन्यांची सरकारी नोंद काढली. अर्ध्या तासात कळलं. प्लमर आणि कंपनीचं नाव बदलून दोन वर्षांपूर्वी औगाध सीफूड झालं होतं. एक्कावन्न टक्के हिस्सा एनोसा आवाच्या नावावर, एकोणपन्नास वॉरनच्या. एक्कावन्न असले की 'मूळ रहिवाशांच्या मालकीचा' असा दाखला मिळतो. दाखला मिळाला की आमच्यासाठी ठेवलेली कामं उघडतात. आमच्याच माणसाची सही घेऊन त्यानं आमच्याच ताटातलं उचललं होतं, आणि वर फोटोत त्याला हसायला लावलं होतं.

कागद छापून मी आवाला दिले. त्यानं रात्रभर ठेवले आणि सकाळी इस्त्रीची पँट घालून बर्फखान्यात आला.

"केझाया, एक्कावन्न म्हणजे अर्ध्याहून जास्त, बरोबर?"

"बरोबर."

"मग चल. माझा कारखाना बघून येऊ."

पत्र्याच्या होडीनं टीआयला जायला तीन तास लागतात. आवा पुढं ताठ बसला होता, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत. मी सुकाणूवर. एकदाच मागं वळून तो ओरडला, "त्या तुटक्या मिशीचं आधी मिटवतो!"

कारखान्यात तो थेट प्रतवारीच्या टेबलापाशी गेला. तिथं कामाला दोन बायका होत्या, दोघी त्याच्या ओळखीच्या. त्यांच्या समोरच्या टोपलीत एक मिशी मोडलेल्या पंधरा-वीस शेवंडी होत्या.

"या पहिल्या प्रतीत घाला," आवा म्हणाला.

"अंकल, वॉरन ओरडेल."

"मी सांगतोय. मी मालक आहे."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि हसणं थांबवलं. एकीनं खरंच टोपली उचलली.

तेवढ्यात वॉरन आला. पन्नाशीचा, लालबुंद, हाफ पँटमध्ये. राक्षस वगैरे काही नाही. लग्नामयताला येतो, मुलांना आइस्क्रीम देतो. आवाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अंकल! कळवायचं ना, गाडी पाठवली असती जेटीवर!"

"या बायकांना मी काम सांगितलंय," आवा म्हणाला.

"ऐकलं. चला, आत बसू."

आत थंडगार होतं. भिंतीवर आवाचा तोच फोटो, दारापेक्षा मोठा. आवा त्याच्याकडे पाठ करून बसला.

"एक्कावन्न टक्के माझे आहेत," तो म्हणाला. "तुटक्या मिशीला पूर्ण भाव द्यायचा. आणि ती मगर काढून टाक. आणि नाव बदल."

वॉरननं माझ्याकडे पाहिलं. ही सगळी माझी करणी, असं त्या बघण्यात होतं. मग त्यानं कपाटातून एक कागद काढला, सावकाश, जणू त्याला वाईट वाटतंय.

"अंकल, ही पण तुमचीच सही. हिस्सा तुमच्या नावावर, पण मत द्यायचा, कामावर घ्यायचा, भाव ठरवायचा, सगळा अधिकार तुम्ही मला दिलाय. कायमचा. पाटीवर तुम्ही, आत मी. असंच ठरलं होतं ना आपलं?"

"असं काही ठरलं नव्हतं," आवा म्हणाला.

"सही आहे."

मी म्हटलं, "मग हा दाखला खोटा आहे."

"खोटा कसा? हिस्सा आहे की त्यांचा." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "केझाया, तुझ्या चौदा होड्या विमान कंपनीला वर्षभर माल पुरवणार होत्या? वादळात? तुझ्याकडे जनरेटर तरी आहे का दुसरा? गिऱ्हाईक मी आणलं, विमानं मी ठरवली. तुम्हाला नाव मिळालं, मान मिळाला. आणि एक लक्षात ठेव. दाखल्याच्या अर्जावर प्रतिज्ञा आहे, की निर्णय हेच घेतात. त्याखाली माझी सही नाही. त्यांची आहे. आरडाओरडा करशील तर पहिलं बोट कोणाकडे जाईल?"

हे तो आवाच्या समोर बोलला. आवाच्या डाव्या बाजूला बसून, हळू आवाजात, ऐकू जाणार नाही अशा बेतानं. परतीच्या वाटेवर मला तेवढंच डाचत होतं. ज्या कानानं त्याच्या कारखान्यासाठी वर्षानुवर्षं पाणी सोसलं, त्याच कानाचा यानं आडोसा केला.

मी होडीचं इंजिन बंद केलं आणि आवाला सगळं पुन्हा सांगितलं, उजव्या कानात, शब्द न् शब्द.

"म्हणजे मी बोललो तर मी पण चोर."

"कागदावर, हो."

"आणि नाही बोललो तर?"

मी इंजिनाच्या दोरीला हात घातला.

"तर खरा चोर," तो म्हणाला. "चालू कर इंजिन."

आम्ही लेखी तक्रार दिली, त्यामुळे ऑगस्टमध्ये दाखला देणाऱ्या संस्थेची माणसं तपासणीला येणार होती. आठवडाभर आधी वॉरननं आवाला बोलावून घेतलं, एका हॉटेलात ठेवलं आणि एक पान पाठ करायला दिलं. निर्णय आम्ही मिळून घेतो. आमच्या पूर्वजांचं ज्ञान कंपनीच्या मुळाशी आहे. असलं काहीबाही. आवानं ते पान मला फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, "'मुळाशी' म्हणजे कुठं गं? बर्फाच्या खाली की वर?"

तपासणीच्या दिवशी मीही गेले. तक्रार सोसायटीची होती, म्हणून मला बसायची परवानगी होती. दोघं आले होते. मुख्य बाई लोरेटा, मेनलँडवरच्या मूळ रहिवाशांपैकीच, केस पांढरे, बोलणं मोजकं. दुसरा एक टायवाला, टिपणं घेणारा. टेबलावर भाजलेल्या शेवंडी, नारळाच्या दुधात शिजवलेलं कंदमुळांचं सोपसोप, फळं. वॉरननं धारी आणून ठेवला होता.

"अंकल, फोटोसाठी घाला ना जरा."

"तो नाचताना घालतात," आवा म्हणाला. "इथं कोण नाचतंय?"

लोरेटाबाईंनी वही उघडली. "मिस्टर एनोसा, गेल्या वर्षात मालक म्हणून तुम्ही कोणते निर्णय घेतलेत?"

वॉरन तोंड उघडणार, तेवढ्यात आवानं खुर्ची फिरवली आणि उजवा कान त्यांच्याकडे केला. "एक. एक मिशी तुटलेल्या शेवंडीला पूर्ण भाव द्या, असं सांगितलं."

"मग?"

"दिला नाही."

"कामावर माणसं कोण घेतं?"

"ते मला आत येताना दिसतात. कोण घेतं ते यांना विचारा."

वॉरन हसला. "अंकल थट्टा करतात."

"बँकेच्या कागदांवर तुमची सही चालते?"

"बाई, या इमारतीतल्या संडासाची चावीसुद्धा माझ्याकडे नाही. मघाशी लागली होती. वॉरनकडून मागून घेतली. मालक आहे मी, एक्कावन्न टक्के. एक्कावन्न वेळा मागितली तर कायमची मिळेल बहुतेक."

टायवाल्यानं खाली मान घालून हसू दाबलं. आवा मात्र हसत नव्हता.

"आता हे लिहा," तो म्हणाला. "सही माझीच आहे. जबरदस्ती कोणी केली नाही. मी वाचलं नाही. कान गेला होता, घरी बसलो होतो, कोणीतरी विचारायला आलं म्हणून बरं वाटलं, आणि मी वाचलं नाही. त्यामुळे माझ्या भाचीचं, माझ्या लोकांचं काम गेलं. मला लाज वाटते, ती पण लिहा. पण या माणसाला वाटत नाही, तेही लिहा. त्यानं माझ्या छातीशेजारी दुसऱ्याचं देवक काढलं, आणि दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, की एनोसा, तुझं कुठलं."

बाहेर टाक्यांचे पंप चालल्याचा आवाज येत होता. लोरेटाबाईंनी वही मिटली, टेबलावरच्या शेवंडींना हात न लावता उठल्या आणि आवाला विचारलं, "तुमचं कुठलं?"

"मुशी."

"माझ्या आईकडे पण तेच," त्या म्हणाल्या.

इथं हे संपलं असतं तर मी तुम्हाला सुखानं सांगितलं असतं. नोव्हेंबरमध्ये निकालाचं पत्र आलं. औगाध सीफूडचा दाखला रद्द. इथवर ठीक. पुढचा परिच्छेद मी तीनदा वाचला. खोट्या प्रतिज्ञेवर सही करणारे संचालक म्हणून श्री. एनोसा यांना पाच वर्षं मूळ रहिवाशांच्या मालकीच्या कोणत्याही नोंदणीकृत संस्थेत सभासद किंवा पदाधिकारी होता येणार नाही. वॉरन प्लमरचं नाव पत्रात कुठंच नव्हतं. त्यानं प्रतिज्ञा केलीच नव्हती ना! त्यानं पाटी बदलली, पुन्हा प्लमर आणि कंपनी लावली, फोटो उतरवला, आणि चीनला माल पाठवणं एक दिवसही थांबलं नाही. चोरीची शिक्षा झाली, ती ज्याचं घर फुटलं त्याला.

मी लोरेटाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी विरोधात लिहिलं होतं. समितीत आम्ही दोघी एकीकडे होतो आणि पाच जण दुसरीकडे. नियम सहीला लागतो, म्हणाले." मग थोडं थांबून, "तुम्ही अपील करा. मी साक्ष देईन." आम्ही केलं. अजून चालू आहे. दर दोन महिन्यांनी एक पत्र येतं, की आपलं पत्र मिळालं.

आवाला निकाल सांगायला गेले तेव्हा आंटी डॉर्कस कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं, प्लमरनं दिलेले दोन्ही शर्ट दोरीवरून ओढले आणि डुकरांच्या खुराड्यात भिरकावले. "घाला रे," ती डुकरांना म्हणाली, "सांस्कृतिक सल्लागार व्हा!" आवा मात्र म्हणाला, "पाच वर्षं जातील. त्यांनी मला होडीत बसायची बंदी नाही ना केली?"

नव्या हंगामात आणखी एक झालं, आणि ते कोणी ठरवून केलं नाही. तपासणीतलं बोलणं त्या प्रतवारीच्या बायकांनी दाराआडून ऐकलं होतं. ते बेटाबेटांवर पोहोचलं. डिसेंबरात भांगाच्या पहिल्या दिवसांत प्लमरच्या जेटीवर पूर्वी पंचवीस-तीस होड्या लागायच्या, तिथं सहा लागल्या. बाकीच्यांनी माल आमच्याकडे आणला. आमच्या टाक्या अपुऱ्या पडल्या. आम्ही पिंजरे बांधून समुद्रातच सोडले, आळीपाळीनं राखण केली. प्लमरनं भाव वाढवला. दोन होड्या परत गेल्या, मी त्यांना दोष देत नाही. पोरांच्या फिया असतात.

विमान कंपनीनं नव्यानं अर्ज मागवले. यावेळी आम्हाला काम मिळालं, पण सगळं नाही. आठवड्याला साठ किलो, एका हंगामापुरतं, बघू म्हणून. दुसरा जनरेटर आम्ही तीन बेटांनी मिळून घेतला. वॉरनचं ते एक बोलणं खरं होतं आणि ते मी त्याला कधी सांगणार नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या बेटावरून मीका आला. चाळिशीचा, चांगला बुडी मारणारा, गेल्या वर्षी पाठीत काहीतरी झाल्यापासून घरी. घुटमळत बर्फखान्याच्या दारात उभा राहिला.

"वॉरनचा माणूस आला होता माझ्याकडे," तो म्हणाला. "नवीन कंपनी काढतायत. मला भागीदार करतो म्हणतात. कागद ठेवून गेलेत. सोमवारी येणार सहीला."

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आवा टाकीपाशी शेवंडी बघत उभा होता. सोसायटीत त्याला सभासद होता येत नाही, म्हणून आम्ही त्याला रोजावर प्रतवारीला ठेवलंय. मिशी तुटलेली असो वा अख्खी, जिवंत आणि जड असली की तो पहिल्या प्रतीत टाकतो, आणि गिऱ्हाइकाला खोक्यावर तसं लिहून कळवतो. आजवर एकही खोकं परत आलेलं नाही.

"आणलेस कागद?" त्यानं मीकाला विचारलं.

मीकानं पाठीमागून काढले. चांगले बावीस-तेवीस होते.

आवानं हात पुसले, चष्मा लावला आणि पालथ्या टोपलीवर बसला. "तू माझ्या उजवीकडे बस," तो म्हणाला. "मी मोठ्यानं वाचतो. जो शब्द कळला नाही तिथं थांबव. मलाही नाही कळला तर केझायाला विचारू. तिलाही नाही कळला तर लोरेटाबाईला फोन लावू. घाई नाही."

मीका खाली मान घालून म्हणाला, "अंकल, मला पैशांची गरज आहे."

"माहीत आहे मला. म्हणूनच ते तुझ्याकडे आले."

आणि तो वाचायला लागला. पहिल्या पानालाच दीड तास लागला.